मुकुटबनच्या मांडवात रडलेला हिरो

मारेगावात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आठवडाभर गाड्या, रविवारी सिनेमा. सिनेमा म्हणजे माझा मोबाईल, भंगारातल्या शॉकअपपासून मी बनवलेला स्टँड, आणि दोन माणसं. एक माझा दोस्त, कापूस-तुरीचा शेतकरी, तो हिरो. दुसरी त्याची बायको. वहिनी माइक पदराखाली धरायच्या, त्यामुळे आमच्या पहिल्या दोन सिनेमांत संवाद कमी आणि बांगड्याच जास्त ऐकू येतात. तरी यूट्यूबवर फुकट टाकलेल्याला कोण नावं ठेवतो?

तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी हिरोइनीचं लग्न दुसऱ्याशी लागतं आणि हिरो मांडवात उभा राहून रडतो, असं मी लिहून बसलो. हिरोइन आमच्याकडे नव्हतीच; फोनवर तिचा आवाज तेवढा वहिनींनी काढला होता. म्हणजे नवरी कुठलीही चालणार होती. अडचण मांडवाची.

"कोनाचं तरी लग्न असनच ना," हिरो म्हणाला.

त्या रविवारी मुकुटबनला एक लग्न होतं. आम्हाला आमंत्रण नव्हतं. मुलीकडच्यांनी विचारलं तर मुलाकडचे, मुलाकडच्यांनी विचारलं तर मुलीकडचे, असं ठरवून इस्त्रीचे कपडे घालून आम्ही गेलो. कुणी विचारलंच नाही. उलट एका म्हाताऱ्यानं हाताला धरून पंगतीत बसवलं. वांग्याची भाजी झकास होती.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी स्टँड लावला आणि खूण केली. एरवी या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणायला कांदा लागायचा. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पठ्ठ्यानं गळाच काढला. चार बायका वळून बघायला लागल्या. तेवढ्यात नवरीचे मामा आले.

"कोन बे तू? काहून रडून राह्यला?"

मी 'कट' म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, अशी मीच त्याला ताकीद दिली होती. आणि शॉट इतका सुरेख चालला होता की माझ्या तोंडून कट निघेना. हिरोनं मामांचे दोन्ही हात धरले आणि पाठ केलेला संवाद म्हटला, "तिले सांगा, मी तिले विसरलो नाही!"

मंगलाष्टक जागीच थांबलं. नवरदेव अंतरपाटावरून डोकावला. मामांनी हिरोची कॉलर धरली. आता मी "कट! कट!" ओरडलो, पण ऐकतो कोण?

वहिनी माइकसकट पुढे घुसल्या. "सोडा त्याले! माहा नवरा हाय तो!"

"मंग रडते काहून?"

"नऊ वर्सं झाली माह्यासंगं लग्नाले. रडन नाही त काय करन?"

मांडव हसून लोटपोट झाला. मामाही हसले. मी घाईघाईनं सगळी हकीकत सांगितली, मोबाईल दाखवला, माफी मागितली, आणि लग्न पुढे लागलं. वाटलं, सुटलो.

पण जेवणं उरकल्यावर नवरीनं आम्हाला बोलावून घेतलं. ती हसली नव्हती.

"तुम्ही हे टाकान, अन् उद्या लोक म्हनतीन, हिचा कोनी होता. त्यायले काय सांगू मी?"

माझी मान खाली गेली. मांडव, गर्दी, उजेड, सगळ्याचा विचार मी केला होता. तिचा केला नव्हता. "ताई, आत्ताच पुसतो," म्हणून मी मोबाईल काढला. हिरोचा चेहरा आता खरोखर रडवेला झाला.

नवरीनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुसू नका. पन वहिनीचं बोलनं पुरं ठेवा. मामाबी ठेवा."

अशानं माझ्या शोकांतिकेची वाट लागली. अपलोड करण्याआधी मी तो भाग तिला पाठवला. तिनं "चालते" कळवल्यावरच टाकला. दोन्हीकडच्या पाहुण्यांनी तो गावोगाव फिरवला. प्रेमकहाणी कुणीच पाहिली नाही, सगळे थेट मांडवावर जायचे आणि आपापली साडी शोधायचे.

खाली पहिली कमेंट नवरदेवाची होती: "दोन मिनिटं माहा जीव गेलता."