खालचा थर

पडद्यावर घोडा उडाला की माझ्या मनगटाला चिमटा बसे. चिमटा म्हणजे घोडा टांगलेली तार दिसली. मग कानाशी कुजबुज येई, "दिसली का, मास्तर? वरतं, डाव्या अंगाले." मला ती कधीच दिसलेली नसे.

चिमटा काढणारे भाऊ प्रताप नगरात माझे शेजारी होते आणि संत्र्यांच्या बाजारात दलाल. काटोलचा शेतकरी पेटी उघडून वरची झळझळीत फळे दाखवू लागला की ते मान फिरवीत. "वरचा थर नको दाखवू गा. खालचा दाखव." पेटी उपडी होई आणि त्यांनी सांगितलेला भाव घेणारा व देणारा दोघेही मुकाट्याने मान्य करीत. त्या नजरेवरच त्यांचे घर चालत होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हीच नजर घेऊन ते तलवारींचे आणि जादूचे चित्रपट पाहायला येत. इतरांच्या चित्रपटांत माझे मनगट लाल होई. एका दिग्दर्शकाच्या चित्रपटांत मात्र ते मोकळे राही. त्याचे महाल ढगांवर तरंगत, त्याचा नायक कड्यावरून गरुडाच्या पाठीवर उडी घेई, आणि चिमटा म्हणून येत नसे. बाहेर पडताना भाऊ चिडलेले असत. "काहीतरी लपवून राहिला हा मानूस. पुन्हा पाहा लागन." आणि ते पुन्हा पाहत. त्यांना सिनेमाचा तिटकारा होता, असे आता सांगितले जाते. तिटकारा असलेला माणूस तिकिटासाठी वैशाखाच्या उन्हात उभा राहतो काय?

परवा धरमपेठेतल्या एका पंगतीत एका गृहस्थांनी त्याहून मोठी थाप मारली. म्हणे, उतारवयात भाऊंची दृष्टी गेली, म्हणून दलाली सुटली. हातातला घास खाली ठेवून मी विचारले, "आपण तेथे होतात?" ते नव्हते. मी होतो.

त्या दिग्दर्शकाचा अखेरच्या काळातला एक चित्रपट लागला होता. आमच्या मागच्या रांगेत बाजारातली मंडळी बसली होती. परी आकाशात झेपावली आणि माझ्या मनगटाला चिमटा बसला. त्यानंतर कुठे मला तार दिसली. मग सगळ्यांनाच दिसली. शिट्ट्या सुरू झाल्या. मागून एक व्यापारी ओरडला, "भाऊ, तुमी सांगा गा! तार हाय का नाई?"

शिट्ट्या थांबल्या. यांचा शब्द अखेरचा, हे सारे जाणून होते.

"कुठी हाय? मले तं नाई दिसून राहिली."

"भाऊचे डोळे गेले ना बाप्पा!" मागे हशा पिकला.

परतताना मी त्यांना फैलावर घेतले. खोटे का बोललात?

"मास्तर, इतके वर्षं त्यानं मले खालचा थर दिसू देला नाई. आज दिसला, तं ह्या लोकाईसमोर पेटी उपडी करू?"

त्या हंगामात काटोलच्या पेट्या दुसऱ्या दलालाकडे गेल्या. मी बाजारात जाऊन भांडायला निघालो, तर यांनीच वाट अडवली. "माहे डोळे शाबूत हायेत म्हनाल, तं तार होती हेबी सांगा लागन. राहू द्या." ते असेतोवर मी राहू दिले.

शेवटच्या दुखण्यात तोच व्यापारी भेटायला आला. मी उशाशी बसलो होतो. आंधळ्याशी बोलावे तसे मोठ्याने, सावकाश तो म्हणाला, "भाऊ, संत्री आणली जी. एकदम अव्वल." टोपली त्याने स्टुलावर ठेवली. यांची नजर क्षणभर तिच्या बुडाशी थांबली. पांघरुणाबाहेरचा हात सरकत आला आणि माझ्या मनगटाला चिमटा बसला.

"चांगली दिसून राहिली," ते त्याला म्हणाले.

ते गेले तेव्हा टोपली तशीच स्टुलावर होती. ती मी उपडी करून पाहिली नाही.