वर्ष सरेपर्यंत थांबा

आमच्या घरात एक मूल येणार होतं आणि ते आलं नाही. ते का आलं नाही, याची एक हकीकत आमच्या गावात आणि नात्यात सांगितली जाते. सुनेला नोकरी सोडवेना, रजा वेळेवर मिळाली नाही, म्हणून उशीर झाला, अशी ती हकीकत आहे. ती खोटी आहे आणि ती पहिल्यांदा सांगणारा मी आहे. आता माझ्या इकाम्याची, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली आहे. या खेपेला तो वाढवू नको, असं मी मुलाला सांगितलं आहे. गावी कायमचं जाण्याआधी जे घडलं ते लिहून ठेवतो. गावातल्या माणसांना तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी सारवासारव करीन.

मी इथे आलो तो इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन म्हणून, आणि निवृत्त झालो तोही त्याच खात्यातून. मुलगा इथेच जन्मला, इथेच वाढला. त्याचं ऑफिस कुवेत शहरातल्या शर्क भागात आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीत देतो. सून परभणीकडची, एका खाजगी क्लिनिकमध्ये नर्स. दिवसभर लहान मुलांना लशी टोचायचं काम. तिचं बोलणं आम्हा रत्नागिरीकडच्या माणसांना सुरुवातीला मजेशीर वाटायचं. कामावरून आली की दारातूनच विचारायची, "काय करायलात बाबा?" त्यावर माझी बायको आतून म्हणायची, "त्यांना करायला काय आहे! बसलेत नुसते." मग दोघी हसत. रिग्गईच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं बऱ्यापैकी सुखात होतो.

मुला-सुनेची चाळिशी जवळ आली, डॉक्टरांचे सगळे उपाय करून झाले, तेव्हा दत्तक हा शब्द पहिल्यांदा माझ्या बायकोनंच काढला. मी पेपर वाचत होतो. ती मला न विचारता सुनेला म्हणाली, "मी मांडीवर घेऊ शकते तोवर आणा. माझे गुडघे काही थांबणार नाहीत." नाव नोंदवलं गेलं, घर बघायला एक बाई येऊन गेल्या, आमच्या सगळ्यांशी बोलल्या. मग वाट बघणं. त्या वाट बघण्यातच बायको गेली. आम्ही दोघं थोड्या दिवसांसाठी गावी गेलो होतो, सकाळी अंगणात फुलं काढताना खाली बसली ती उठलीच नाही. दिवस झाल्यावर मी मुलाबरोबर कुवेतला परत आलो. गावातल्या घरात एकटा राहण्याची माझी छाती नव्हती.

बाळाचा फोटो आला तो एका शुक्रवारी, आम्ही पोहे खात असताना. मराठवाड्यातल्या एका संस्थेतली मुलगी, काही महिन्यांची. कपाळाच्या कडेला तीट, विरळ जावळ, आणि कॅमेरा सोडून बाजूला कुणाकडे तरी बघणारी. मुलगा नुसता "ओ माय गॉड, ओ माय गॉड" म्हणत येरझारा घालू लागला. सुनेनं फोटो एकदा बघितला आणि आधी तब्येतीचा अहवाल वाचायला घेतला. वजन, लशी, रक्त. "वजन कमी आहे लेकराचं," ती म्हणाली, "पण भरून निघतंय की." मग चष्मा काढून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर घर बदललं. एगैलाच्या मॉलमध्ये दोघं तासन्‌तास काढायची. बाळाला गाडीत बसवायची खुर्ची कुठली घ्यावी हे मुलाला ठरवता येईना. दुकानातल्या माणसाला तो इतके प्रश्न विचारायचा की सून लाजून दुसऱ्या रांगेत निघून जायची. ती स्वतः कपडे आणायची आणि बिनवासाच्या साबणानं धुऊन धुऊन मऊ करायची. संस्थेतल्या बाईंना फोन करून तिनं बाळाला कुठली पावडर चालते, दूध किती कोमट लागतं, झोप कशी आहे, सगळं विचारून घेतलं. तीच पावडर तिनं इथे शोधली, मिळाली नाही, मग तिथूनच घेऊ म्हणाली. हॉलमध्ये बॅग उघडी पडलेली असायची. रोज तिच्यात काहीतरी भरायचं आणि आकड्याच्या काट्याला लटकवून वजन बघायचं. मग माझ्या मुलाचे बूट बाहेर निघायचे आणि झबली आत जायची.

पाळण्यासाठी छताला कडी हवी होती. आमच्या गावाकडचा एक सुतार फर्वानियात पाच-सहा जणांच्या खोलीत राहतो, त्याला बोलावलं. बिल्डिंग सांभाळणाऱ्या हारिसनं आधी नाही नाही म्हटलं. बाळ येणार आहे कळल्यावर त्यानंच शिडी आणून दिली. सुतारानं कडी बसवली, स्वतः लोंबकळून दाखवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही झोके घेतलेत तरी पडायची नाय."

बेत असा ठरला होता. कोर्टकचेरीचे सोपस्कार पुरे व्हायला काही महिने लागणार होते, पण तोवर बाळ आईबापांकडे ठेवायला संस्थेची ना नव्हती, फक्त भारतात राहायला हवं होतं. म्हणून सुनेनं आधी जायचं, परभणीला आपल्या आईकडे बाळाला घेऊन राहायचं. मुलगा जमेल तसा ये-जा करील. सगळं पुरं झालं की तिघं परत येतील. रजेचं विचाराल तर तिच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी अर्ज हातात पडल्या पडल्या सही केली. बरोबरच्या नर्सांनी एक लोकरीचा जोड आणून दिला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. रजा मिळाली होती.

बाळाचे कपडे ठेवायला सुनेनं माझ्या खोलीतलं कपाट मागितलं. त्यात बायकोच्या साड्या होत्या. तिनं फार हळू विचारलं, "आईंच्या साड्या मी नीट बांधून वरच्या फळीवर ठेवते, चालेल का बाबा?" मी चालेल म्हणालो. पण त्या दिवसापासून माझ्या मनात काहीतरी फिरलं. त्या घरात सगळी हसत होती. मुलगा जेवताना नावं सुचवायचा आणि सून एकेकाला नाक मुरडायची. जिनं हे सुरू करून दिलं ती नव्हती, आणि मलाच एकट्याला ती नाही हे आठवत होतं, असं मला वाटू लागलं. तसं नव्हतं. पण तेव्हा वाटलं खरं.

एका संध्याकाळी चहाला सून म्हणाली, "बाबा, तिकीट बघायलाव आम्ही. पुढल्या आठवड्यातलं मिळायलंय."

मी म्हणालो, "इतकी घाई कशाला? हिचं वर्षश्राद्ध होऊ दे. वर्षाच्या आत घरात पाळणा हलवायचा नाही."

मुलगा म्हणाला, "बाबा, सीरियसली?"

"तुला नाही कळायचं ते. आपल्यात वर्ष पाळतात."

सून म्हणाली, "बारसं नंतर करू की बाबा. पेढे नका वाटू. पण लेकरू तर आणू द्या."

"आणणं म्हणजेच मंगलकार्य. वर्ष सरेपर्यंत थांबा. आपण सगळे तसेही गावी जाणार आहोत. तिकडूनच परस्पर जा."

ती म्हणाली, "पोटातलं असतं तर? ते थांबलं असतं का बाबा, आईंचं वर्ष व्हायला?"

"पोटातलं नाही ना," मी म्हणालो. "म्हणूनच थांबता येतं."

हे वाक्य मी बोललो. रागानं नाही, अगदी शांतपणे, कप खाली ठेवत. तिनं माझ्याकडे बघितलं, कप उचलले आणि आत गेली. थोड्या वेळानं मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "ओके बाबा. थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे. लेट्स नॉट फाइट." संस्थेला कळवलं. त्यांचीही हरकत नव्हती. बाळ आमच्याकडे आहेच, घरचं कार्य उरकून या, असं उत्तर आलं.

मी वर्ष पाळणारा माणूस होतो का? माझे वडील वारले तेव्हा रजा संपत आली म्हणून मी तेराव्याला थांबलो नाही, विमान पकडून ड्यूटीवर हजर झालो. त्याच वर्षी हा मुलगा झाला, आणि मी फर्वानियातून मिठाईचा खोका आणून साऱ्या खात्यात वाटला. केरळी, मिसरी, कुवेती, सगळ्यांना. वडील जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. हे त्या संध्याकाळी मला आठवलं नाही, असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. आठवलं. चहा पितानाच आठवलं. मी बोललो नाही.

थंडी पडली. इथे जशी पडते तशी तिकडेही पडली असणार. बाळाला आधी सर्दी झाली, मग ताप, मग दवाखान्यात ठेवलं. संस्थेनं कळवलं त्याच दिवशी सून निघायच्या तयारीला लागली. मी मध्ये पडलो नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचं चाललं असतानाच सगळं आटोपलं होतं. फोन तिला क्लिनिकमध्ये आला. ती नेहमीच्या वेळेलाच घरी आली. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली. मी हॉलमध्ये होतो. "न्यूमोनिया," ती म्हणाली. "गेलं लेकरू." मग आत जाऊन कपडे बदलले आणि कुकर लावला. मुलगा आला तेव्हा त्याला मीच सांगितलं. तो बॅगेशेजारी जमिनीवर बसला आणि लहान असताना रडायचा तसा रडला, मोठ्यानं.

त्या आठवड्यात गावाहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला बाळ येणार हे माहीत होतं. "पण दादा, तुम्ही तर कधीच आणणार होता ना तिला? मग राहिलं का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "अगं, सुनेची रजा मंजूर होत नव्हती. म्हणून उशीर झाला."

सून स्वयंपाकघरात होती. मधलं दार उघडं होतं. तिनं ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण लाटण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. त्यावर ती मला त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही नाही.

वर्षश्राद्धाला आम्ही सगळे गावी गेलो. ठरल्याप्रमाणे. पंगत बसली होती, सून वाढत होती. बहीण दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाळाला काय माहीत गं, तुझी ड्यूटी संपायची आहे म्हणून! नाहीतर थांबलं असतं बिचारं." दोन-तीन बायका चुकचुकल्या. सुनेच्या हातात वरणाचं भांडं होतं. ती माझ्या पानासमोर आली आणि क्षणभर उभी राहिली. काही मागत नव्हती, वाढायलाच आली होती. पण मला बोलता आलं असतं. सगळे होते तिथे. ज्यांना सांगायचं ते सगळे एका ओळीत बसले होते. मी म्हणालो, "पुरे, मला नको." तिनं पुढच्या पानाला वाढलं.

पुढे त्यांनी पुन्हा नाव नोंदवलं नाही. मुलानं एक-दोनदा विषय काढला. ती म्हणाली, "मला नाही जमणार आता." पाळण्याची कडी काढून हारिसनं भोक बुजवून दिलं. गाडीतली खुर्ची क्लिनिकमधल्या एका नर्सला दिली. घरात आम्ही तिघं नीट वागतो. ती माझी औषधं वेळेवर देते, रक्तदाब मोजते. दारातून "काय करायलात बाबा?" मात्र आता विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. रजा मिळाली होती, मीच थांबवलं, मीच तुला खोटं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे दादा, आता कशाला उकरतोस? आणि तू म्हणालास तरी तिनं का ऐकलं? स्वतःचं पोर असतं तर ऐकलं असतं का?"

म्हणजे मी खरं सांगूनही बोल पुन्हा तिच्यावरच आला. स्वतःचं पोर नाही, हे त्यातले शब्दसुद्धा त्या चहाच्या वेळचे माझेच होते. मला वाटलं होतं एका फोननं मी माझं खोटं परत घेईन.

संध्याकाळी सून गवार निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि फोनचं सांगितलं. बहीण काय म्हणाली तेही सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरोबरच आहे की आत्यांचं. मी तरी कशाला ऐकलं?"

"तू माझ्यासाठी ऐकलंस."

"तुमच्यासाठी नाही बाबा. तुम्ही ते पोटातलं म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, खरंच असेल का तसं? खरी आई असती तर निघाली असती, मला थांबता येतंय म्हणजे मी खरी नसेन. म्हणून थांबले." ती शेंगांच्या शिरा काढतच होती. "नंतर कळलं तसं नव्हतं. पण नंतर."

मी म्हणालो, मी हे सगळं लिहिणार आहे, गावी आणि नात्यात सगळ्यांना वाचायला देणार आहे. तुझी हरकत असेल तर नाही देणार.

"लिहा," ती म्हणाली. "पण मी फार सोसलं, असलं काही लिहू नका. आणि लिहिणारच असाल तर एक लिहा. ती गेली तेव्हा मी संस्थेतल्या बाईंना एवढंच विचारलं होतं, शेवटी तिला कुणी घेतलं होतं का. त्या म्हणाल्या, दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या नर्सनं घेतलं होतं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण मी पण रात्रपाळ्या केल्यात बाबा. एका नर्सकडे किती लेकरं असतात, मला माहीत आहे."