नाईक विलासच्या गाडीचं इंजिन

मी फौजेत नव्हते. माझे यजमान होते. वर्कशॉपमध्ये हवालदार, गाड्यांचे मेकॅनिक. शेवटची पोस्टिंग डोंगरात होती, फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. सुट्टीच्या दिवशीही हे कुणाची तरी स्कूटर खोलून बसत आणि मी पाने हातात देई. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हत्यारांची नावं तिथे पाठ झाली.

त्याच युनिटमध्ये नाईक विलास ड्रायव्हर होता. आमच्या नवघरचाच, मिठागरवाल्या घरातला. शेवटच्या सुट्टीत त्याने एक जुनी कार घेतली. तो गेल्यावर ती त्याच्या आईकडे, आमच्या काकींकडे, राहिली. दर वर्षी त्याच्या दिवशी आम्ही काकींना त्या कारमधून डोंगरीच्या टेकडीवर नेतो.

यंदा तो दिवस जवळ आला आणि कार तापून बंद पडली. काकींनी ती जेसल पार्ककडच्या एका गॅरेजात दिली. चार दिवसांनी गॅरेजवाल्याने ह्यांना बोलावलं.

"साब, इंजन खलास. निकालके मेरे को दे दो, दूसरा बिठाता हूं."

काकी माझा हात धरून म्हणाल्या, "इंजिन त्याचाच हाय. दुसरा नको. न्हाय जमला तर गारी तशीच ऱ्हाऊ दे."

 ह्यांनी कार दोरी बांधून आमच्या चाळीपुढे ओढून आणली.

मला म्हणाले, "टॉर्च."

ऑइलचं झाकण उघडलं. आतून पिवळट मळी, नासलेल्या सायीसारखी.  ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं. रेडिएटर भरून इंजिन चालू केलं तर तोंडाशी बुडबुडे फुटायला लागले.

"हेड गॅस्केट गेलंय. इंजिन नाही. त्या गॅरेजवाल्याला ते माहीत नव्हतं म्हणतेस?"

हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवलं. दोन सिलिंडरांच्या मधे त्याखालचं पातळ गॅस्केट जळून काळं पडलं होतं. पाण्याच्या वाटांत राखाडी लगदा. गळती बुजवायची पावडर ओतली होती त्याने. म्हणजे रोग ओळखला, वर चिखल थापला, आणि चांगलं इंजिन लाटायला एका म्हाताऱ्या आईला खोटं सांगितलं. त्या लगद्याची घाण वाटली त्याहून जास्त त्या माणसाची वाटली. अजून वाटते.

पण हेड खाल्लं गेलं होतं, ते काही पावडरीने झालं नव्हतं. ॲल्युमिनियमला खड्डे पडले होते, कडेला पांढरी खपली. ह्यांनी रेडिएटरचं पाणी बोटाने जिभेला लावलं आणि थुंकले.

"खारं."

मी काकींकडे पाहिलं. त्या पायरीवर बसल्या होत्या. "विलास सांगून गेलता, आये, गारीचा पानी बघत जा. मी रोज बावरीचा पानी घालतंय. एक दिस चुकला न्हाय."

आमच्याकडची विहीर खाडीजवळची. ते पाणी भांड्यांनाही चालत नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "सांगायचं नाही. ऑर्डर आहे."

मी सांगितलं नाही.

हेड लेथवाल्याकडे नेऊन फेस मारून, म्हणजे तळ घासून सपाट करून, आणलं. पट्टी लावून पाहिलं, खालून उजेड दिसत नव्हता. पाण्याच्या वाटा तारेने मोकळ्या केल्या. नवीन गॅस्केट कोरडं बसवलं. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे, तीन फेऱ्यांत कसले. हे टॉर्क पाना ओढत, मी पुढच्या बोल्टवर टॉर्च धरी. ऑइल दोनदा बदललं, तेव्हा मळी थांबली. शेवटी हिरवं कूलंट भरलं.

"काकी," हे म्हणाले, "हे फौजेचं पाणी. एकदा भरलं की रोज घालावं लागत नाही. तुम्ही फक्त बघायचं."

"फौजेचा हाय? मंग बरा."

त्याच्या दिवशी सकाळी निघालो. डोंगरीच्या चढावर मी तापमानाच्या काट्याकडेच पाहत होते. काटा मध्यावर राहिला. वर पोचल्यावर ह्यांनी हँडब्रेक ओढला. काकी आधी उतरल्या, रस्त्याकडेचा एक दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. मग तिथेच बसल्या.

विलासचा ट्रक भरलेला होता. घाटात चढावर बंद पडला, मागे सरकायला लागला. मागे पायी चालणारे चार जवान होते. तो दगड लावायला उतरला. दगड लागला, ट्रक थांबला, आणि वरून दरड आली.

ते चौघे आहेत. नाईक विलास नाही.