अंगठ्यांचा अर्ज

तो मंगळवार मी अजून विसरलेले नाही. तेव्हा पोलादपूर तालुक्यात मी महिला होमगार्ड होते. अधिकारी नव्हे, चौथी शिकलेली बाई. सणाला बंदोबस्त, आणि एरवी एखाद्या बाईचा जबाब घ्यायचा असला की तिच्याशेजारी बसायला मला ठाण्यात बोलवत. आता निवृत्त आहे. कोणाचे नाव न घालता लिहिते.

महापुरानंतर आमच्या भागात एक सभा सुरू झाली. पुरात जिथे जागा मिळेल तिथे, देवळात, विहारात, मशिदीत, लोक एकत्र राहिले होते. तीच माणसे पुढे दर महिन्याला बसू लागली. एकदा मशिदीच्या आवारात, एकदा बुद्धविहारात, एकदा देवळाच्या सभामंडपात. रेशनकार्ड, मतदारयादी, रस्ता असले विषय. त्या महिन्यात पाण्याचा अर्ज होता. वरची वाडी मराठ्यांची, मधली बौद्धांची, खाली मोहल्ला. तिन्ही वाड्यांना एकच पाइप हवा होता. उन्हाळ्यात वरच्या बाया झऱ्यासाठी अर्धा डोंगर उतरतात.

बुधवारी तालुक्याला मोठे साहेब येणार होते, त्यांच्या हाती अर्ज द्यायचा ठरला होता. सह्या आणि अंगठे घेतलेली फाईल मोहल्ल्यातल्या मास्तरांकडे होती. रविवारी विहारातल्या सभेतून ती नाहीशी झाली.

मंगळवारी सकाळी ठाण्यात खबर आली. मास्तराने अंगठ्यांचे कागद जमिनीच्या दलालाला दिले, वरची वाडी त्याच्या घरावर जाणार आहे. ठाणे अंमलदारांनी डायरीला नोंद घेतली. हायवे रुंद झाल्यापासून दलाल वाडीवाडीत फिरत होते. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने गेलेल्या जमिनी लोकांना माहीत होत्या. त्यामुळे खबर खोटी असली तरी घरावर दगड खरेच पडले असते.

बीट हवालदारांनी मास्तरांना बोलावून समोर बसवले.

"फाईल कुठे होती?"

"पिशवीत. पिशवी विहाराच्या मागच्या खोलीत."

"तिथे कोण गेले?"

"चहा तिथेच होत होता. बायाच ये-जा करत होत्या."

"दलाल ओळखीचा आहे?"

"इथे कोणाच्या ओळखीचा नाही, साहेब? माझ्या दारात दोनदा आला, तुमच्याही आला असेल."

 हवालदारांच्या दारातही दलाल आला होता, हे मला माहीत होते.

तेवढ्यात वरच्या वाडीच्या आठ-दहा बाया ठाण्यात आल्या. हवालदारांनी चहा मागवला तर पुढची म्हणाली, "चहा नको. आमचा अंगठा आमच्या हाती द्या. पाणी नको, काय नको."

दुसरी मास्तरांना म्हणाली, "पुरात तुमच्या घरची भाकरी खाल्ली मी. आता घरात सगले मलाच बोलतात, जा अजून भाकरी खायला."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना दगडाची भीती वाटत नसावी. तीन वाड्या पुन्हा तीन झाल्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते.

मी कोपऱ्यात उभी राहून बायांकडे बघत होते. सगळ्या अंगठा मागत होत्या. एक म्हातारी मात्र भिंतीला टेकून बसली होती, चहा घेतलेली ती एकटीच. ठाण्यात इतकी वर्षे काढून मला एक कळले होते, ज्याची वस्तू हरवलेली नाही तो ओरडत नाही. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. हवालदारांना बाजूला बोलावून सांगितले. ते म्हणाले, "तुम्हीच जा. मी गेलो तर ती तोंड उघडणार नाही."

दुपारी महिला पोलीस शिपाई बाईंबरोबर मी वरच्या वाडीत तिच्या घरी गेले. आजी ओटीवर बसली होती.

"आजी, सगळ्या अंगठा मागतात. तुम्ही नाही मागत?"

तिने माझ्या खाकीकडे बघितले.

"माझा अंगठा माझा हाय. मी आणला."

"मग बाकीच्यांचे?"

"त्यात माझा कुठला ता मला कसा कळायचा, गो बाय? सगले सारखेच दिसतात. म्हणून सगलेच आणले."

आत जाऊन तिने भाताच्या कणगीतून फाईल काढली. एक पान फाटलेले नव्हते. मी विचारले, फाडले का नाही? ती म्हणाली, "दुसऱ्यांचे कशे फाडू?"

सभेत कोणीतरी अर्जातला गट नंबर मोठ्याने वाचला होता. तिच्या दिराची जमीन गेली तेव्हा तिने गट नंबर पहिल्यांदा ऐकला होता. पाण्याच्या कागदात जमिनीचा नंबर कशाला, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तो ग्रामपंचायतीच्या जागेचा नंबर होता, टाकी तिथे बसणार होती.

पंचांसमोर फाईल ताब्यात घेतली. हवालदारांनी मास्तरांना विचारले, "चोरीची तक्रार देता?"

"नाही. मी अंगठे घेतले, पण कागद वाचून दाखवला नाही. पाण्याचा आहे एवढेच सांगितले. माझी तक्रार माझ्यावरच होईल."

संध्याकाळच्या आत तिन्ही वाड्यांना देवळाच्या सभामंडपात बोलावले. मास्तर अर्ज वाचू लागले तेव्हा आजी म्हणाली, "तू नको रे. त्या खाकीवालीला वाचू दे." ऑफिसची भाषा मलाही जड जाते, म्हणून मी बोट ठेवून सावकाश वाचले. अडले तिथे मास्तरांनी अर्थ सांगितला. गट नंबर आला तेव्हा सरपंचांनी टाकीची जागा हात करून दाखवली.

वाचून झाले तशी आजी म्हणाली, "ह्या चूक हाय. तीन वाड्या लिवल्यात. पलीकडं धनगरांची दोन घरां हायत. त्यांस्नी काय तहान नाय?"

पाण्यावर इतके बोलणाऱ्या आम्हा कोणालाच ती दोन घरे आठवली नव्हती. मास्तरांनी तिथेच ओळ वाढवली. त्या धनगरांना बोलावून आणले. अर्ज पुन्हा वाचला आणि मग सगळ्यांनी नव्याने अंगठे दिले. बुधवारी अर्ज वेळेवर पोचला. तो द्यायला मास्तरांच्या बरोबर वरच्या वाडीच्या पाच बाया गेल्या, भाकरीवरून बोलणारीही.

मंजुरीला वेळ लागला. पाइप आता मधल्या वाडीपर्यंत आला आहे, वरचे काम चालू आहे. त्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, म्हणून ठाण्याच्या गुन्ह्यांच्या हिशेबात ते कुठेच नाही. मला मात्र त्याने शिकवले, की भिणारा माणूस अडाणी असतोच असे नाही. कागद समजला की तोच त्यातली चूक काढतो. सभेत आता आधी वाचन होते, मग शाई येते. वाचायला कोणी उभे राहिले की आजी पुढे सरकून बसते आणि म्हणते, "सावकाश वाच. घरां मोजायची हायत."