इंजेक्शनची रांग

लेखणी हाती धरण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणतो. पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षे मराठी शिकवले. स्वतःच्या चार ओळी मात्र कधी लिहिल्या नाहीत. हे धाडस वाचकांनी क्षम्य मानावे.

बांधाच्या भांडणात भावकीने केलेल्या तक्रारीवरून मी सात महिने कच्चा कैदी होतो. एका सकाळी कारागृहाच्या दवाखान्यापुढे आम्ही रांगेत उकिडवे बसलो होतो. कंपाउंडर रक्ताचे अहवाल घेऊन दारात आला.

"गरमीवाला मास्तर कोण रे?"

रांग हसली. मी उठलो. आतले डॉक्टर म्हणाले, "लांब उभे राहा. शिकलेसवरलेले तुम्ही. पोरांना हेच शिकवता?"

इंजेक्शनसाठी लेंगा खाली सरकवला. दार सताड उघडे.

गरमी म्हणजे उपदंश, गुप्तरोग; तो मला कसा झाला, हे कोणीही विचारले नाही. पहिल्याच आठवड्यात बराकीत दोघांनी मला धरले होते. तोंडावर घोंगडी दाबून. हे वाक्य मी आज प्रथमच लिहितो आहे.

माझ्या शेजारच्या पथारीवर वरंधकडचा एक ट्रकचालक होता. नुकतेच लग्न झालेला. त्यालाही माझ्यासारखाच व्रण उठला. त्याने ते फक्त मला सांगितले.

"मास्तर, तुमची गत बघितली मी. माजं नाव नका सांगू. गावात कळलं तर बायको म्हायेरी जाईल."

मी मान डोलावली. तपासून घे, असे म्हणालो नाही. म्हणालो असतो, तर त्याच्यासोबत पुन्हा त्या दाराशी जावे लागले असते.

महिन्याभरात व्रण आपोआप मिटला. तो हरखला. "गेला बघा मास्तर! इंजेक्शन नाय, काय नाय!"

मला शंका होती. मी गप्प राहिलो. त्याला जामीन मिळाला.

पुढे माझी निर्दोष सुटका झाली. त्यानंतर वर्षभराने तो महाडच्या एसटी स्थानकात भेटला. बायको पलीकडच्या बाकावर, पदर ओठांवर धरून बसलेली. मूल आठव्या महिन्यात पोटातच गेले होते. दोघांच्याही रक्तात तोच रोग निघाला होता.

"व्रण गेला तरी रोग ऱ्हातो, हे तुमाला ठावं व्हतं, मास्तर?"

"शंका होती," मी म्हणालो.

त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते. "तुमी शिकलेलं ना वो," एवढेच बोलला. वरंधची गाडी लागली. त्याने बायकोला दंडाला धरून उठवले.

अपमान त्यांनी केला. गप्प मात्र मी बसलो.

आता बसणार नाही. कारागृहाच्या वरिष्ठांना अर्ज लिहिला आहे. कैद्याची तपासणी बंद दाराआड व्हावी. उपचार त्याच्या जोडीदारालाही मिळावेत. आणि रोग कसा झाला, हे त्याला माणूस समजून विचारावे. अर्जात माझे नाव आहे. रोगाचेही आहे. घोंगडीही आहे. सहकारी म्हणतात, "सर, नाव तेवढे काढा." काढणार नाही.

माझ्या सहीखाली अजून दुसरी सही झालेली नाही. तुम्ही कराल?