बाईंची रोजची एक चूक

गणिताच्या बाई फळ्यावर रोज एक चूक करायच्या, अगदी ठरवून. अर्धा अधिक पाव बरोबर दोन छेद सहा, असं ठणकावून लिहायचं आणि खडू फिरवत साळसूदपणे उभं राहायचं. मग मागून कोणीतरी ओरडायचं, की बाई, अर्ध्यात भर घातली तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं? सगळी पोरं तुटून पडायची आणि बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. सव्वीस वर्षं हे नाटक चाललं. त्या एका चुकीपायी मुलं डोळ्यांत तेल घालून फळा बघायची.

मग वर्गात व्हिडिओचे पडदे आले. हेडसरांनी बारा-बारा मिनिटांचे धडे रेकॉर्ड करायला सांगितले आणि पडद्यावर भागलं, तर पुढच्या सत्रापासून बाईंनी ग्रंथालय सांभाळावं, असंही गोडीत सुचवलं. बाई इरेला पेटल्या. भाचीला मस्का लावून सगळं शिकल्या, गळ्याशी माईक अडकवला, रिकाम्या खोलीत कॅमेऱ्याकडे बघून हसल्यासुद्धा. चूक केली, थांबल्या. पकडायला कोणीच नव्हतं, म्हणून धड्याच्या शेवटी स्वतःच दुरुस्त केली आणि धडा काटछाटीसाठी शाळेच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे दिला.

सोमवारी धडा लागला. बाई मागच्या बाकावर, जीव मुठीत धरून. पडद्यावरच्या बाईंनी दोन छेद सहा लिहिलं आणि तशाच पुढे गेल्या. थांबण्याची जागा कापली होती. बाराव्या मिनिटाला धडा संपला. दुरुस्तीही गेली होती. गप्प बसलेला माणूस पडद्यावर कोण बघतं, असं रेकॉर्डिंगवाला त्यांना आधीच म्हणाला होता. बाईंना ती थट्टा वाटली होती.

कोणी ओरडलं नाही. चाळीस माना खाली, चाळीस वह्यांत दोन छेद सहा.

बाई उठल्या. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीला म्हणाल्या, "अगं, चुकलंय ते. पाऊण येतं."

"बाई, व्हिडिओत दोन छेद सहा आहे."

"व्हिडिओत मीच आहे ना?"

"हो, पण परीक्षा व्हिडिओवर आहे." मुलगी जराही उद्धट नव्हती. तिने ओळीखाली पट्टीने रेघ मारली.

दारात हेडसर कधीचे उभे होते. "वाहवा, काय शांतता आहे. तुम्ही शिकवायचात तेव्हा ऑफिसपर्यंत कल्ला यायचा, बाई." आणि त्यांनी खिशातून ग्रंथालयाची किल्ली काढली.