बानं देवीपुढची हलगी सोडली

आमच्या मांगवाड्यात ख्रिस्ती झालेलं पहिलं घर आमचं. राज्य निजामाचं होतं, आणि आमचं गाव वाटूरच्या पलीकडे, वाटेवरून आत. बा गावाची हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, सगळ्यांच्या पुढे बा. जालन्याच्या मिशनातले एक पाळक गावोगाव फिरायचे. बा त्यांच्याजवळ तासन् तास बसू लागला, आणि एके दिवशी आम्हा सगळ्यांना घेऊन जालन्याला गेला. त्याचा, मायचा, माझा आणि धाकट्या बहिणीचा बाप्तिस्मा झाला.

घरी आल्यावर बानं कोनाड्यातले देवीचे टाक फडक्यात बांधले आणि ओढ्यात सोडले.  मायनं रिकामा कोनाडा सारवून घेतला, पण त्यात पुन्हा काही ठेवलं नाही.

त्याच साली गावात पटकी शिरली. रोज एखादं तरी मढं निघायचं. गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. देवीला गाड्यात बसवायचं, वाजतगाजत शिवेबाहेर न्यायचं, म्हणजे रोगही जाईल. पाटील मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"उद्या सकाळी गाडा निघतो. हलगी घेऊन ये."

"पाटील, मढी उचलतो, खड्डे खांदतो, म्हनाल ते करतो. पन देवीपुढं वाजवनार न्हाई. सोडलं म्या ते."

"सोडलं? गाव मरून राह्यलं अन् तुला धरम सुचतो?"

 पाटील थुंकून निघून गेला.

संध्याकाळी बहिणीला उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. बाहेर गाड्याची तयारी चालली होती. हलगीला दुसऱ्या गावचा माणूस आणला होता.

"अवं, वाजवा," माय म्हणाली. "पोरीसाठी वाजवा. मंग तुमच्या येशूची माफी मागा."

बा पोरीजवळ गुडघ्यावर बसला.  त्यानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

माय उठली. हातातला हिरवा चुडा उतरवला आणि गाड्यामागं धावली. तो देवीपुढं ठेवून, जमिनीला डोकं टेकवून ती परत आली. बानं ते दारातून पाहिलं. तिला अडवलं नाही, आणि हलगीही घेतली नाही.

दुपारी बहीण गेली.

भावकीतलं कुणी आलं नाही. चुलता लांबूनच म्हणाला, "तुमी आता आमचे न्हाई. तुमच्या लोकायला बोलवा." आमचे लोक जालन्याला. ओढ्याकाठी बानं एकट्यानं खड्डा खणला. त्याला वाचता येत नव्हतं. पाळकांनी शिकवलेली प्रभूची प्रार्थना तेवढी पाठ होती. ती म्हणताना तो मध्येच अडला. पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला, पुन्हा तिथंच अडला.

"पुरं," माय म्हणाली. "माती लोटा."

पुढे पाळक भेटायला आले तेव्हा बानं चुड्याची गोष्ट स्वतःच सांगितली. त्याला लपवणं जमलं नाही. ऐकता ऐकता पाळकांचे डोळे भरून आले. पण ख्रिस्ती मंडळीचा नियम होता: दुसऱ्या देवापुढं डोकं टेकवणाऱ्याला पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर मिळायची नाही. त्यांनी मायला विचारलं, "बाई, पश्चात्ताप होतो का?"

"पोर गेली याचा व्हतो."

  त्यांनी तिला प्रभुभोजनातून बाहेर ठेवलं.

गावानं बलुतं बंद केलं, तेव्हा आम्ही जालन्याला मिशनच्या आवारात राहायला गेलो. बा तिथं बागेला पाणी घालायचा. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर फिरायला लागली की माय उठून बाहेर जायची आणि भिंतीच्या सावलीत बसायची. बा आत एकटाच. भाकर घेताना तो तिच्या रिकाम्या जागेकडे बघायचा. बायका कुजबुजायच्या. माय कुणाकडे पाहायची नाही.

असं वर्षभराहून जास्त चाललं. मग एका रविवारी पाळकांनी पुन्हा तेच विचारलं आणि ती "व्हय" म्हणाली. तिनं भाकर घेतली, हळूहळू चावून गिळली.

घरी जाताना बानं विचारलं, "खरंच मनापासून म्हन्लीस?"

"तुमी एकलेच बसून राह्यले व्हते," माय म्हणाली. "मला ते बघवत नव्हतं."

 त्या दोघांत हा विषय पुन्हा कधी निघाल्याचं मला आठवत नाही.